कोऱ्या फोटोतलं प्रथिन

२०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं आणि नागपूरच्या बर्डीपासून मुंबईपर्यंत जो तो मोबाइलवर तेच फोटो पाहत बसला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही दखल घेतली. पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आघारकर या संशोधन संस्थांकडे गेले. निदान झालं: हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात रमणारे सूक्ष्मजीव. नमुन्यातले जीव तळाशी बसले, की वरचं पाणी नितळ. रंग पाण्याचा नव्हताच.

लोणारचा गुलाबीपणा या जीवांच्या रंगद्रव्याचा. पण त्यांच्याच कुळात एक जांभळा भाऊबंद आहे, हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम. प्राणवायू कमी पडला की हा जीव आपल्या पेशीच्या आवरणात जांभळी ठिगळं तयार करतो. १९७१ मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी दाखवलं, की त्या ठिगळांत एकच प्रथिन ठासून भरलेलं असतं आणि त्याला रेटिनल चिकटलेलं असतं. तेच, जे आपल्या डोळ्याच्या पडद्यात असतं. प्रथिनाचं नाव बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. ऊन पडलं की ते पेशीतले प्रोटॉन बाहेर फेकतं, आणि प्रोटॉन परत आत शिरताना जीवाची ऊर्जेची सोय होते. हरितद्रव्याचा कण नसताना उन्हावर पोट भरायचं!

हा पंप चालतो कसा, हे कळायला त्याची घडण दिसायला हवी. पण पेशीच्या स्निग्ध आवरणात रुतलेली प्रथिनं मोठी हट्टी. बाहेर काढली की एकमेकांना चिकटून गोळा होतात. क्ष-किरणांना लागतो तसा जाडजूड, चांगला स्फटिक सत्तरीच्या दशकात त्यांच्यापासून कुणालाच करता येत नव्हता. जांभळ्या ठिगळाने मात्र कामच सोपं करून ठेवलं होतं. त्यात ही प्रथिनं आपणहून तीन-तीनच्या टोळक्यांनी षटकोनी जाळीत बसलेली असतात. एका रेणूच्या जाडीचा, आयता स्फटिक.

केंब्रिजमध्ये रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अन्विन यांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आतल्या निर्वातात प्रथिन सुकून मोडतं, म्हणून त्यांनी पाण्याच्या जागी चक्क ग्लुकोज वापरलं. दुसरं संकट इलेक्ट्रॉनांचंच: ज्या माऱ्याने फोटो निघतो, त्याच माऱ्याने प्रथिन जळतं. म्हणून मारा इतका कमी केला, की फोटोत डोळ्यांना काहीही दिसेना. नुसता करडा, दाणेदार कागद.

आता बर्डीच्या मेन रोडवरून आणलेली एखादी छापील चादर आठवा. धुऊन धुऊन इतकी विटलेली, की तिच्यावरची एकही कोयरी धड ओळखू येत नाही. पण सगळ्या कोयऱ्या एकमेकींवर नेमक्या ठेवता आल्या तर? डाग प्रत्येकीवर वेगळ्या जागी, ते पुसट होत जातील. रेघ मात्र सगळ्यांवर एकाच जागी, ती गडद होत जाईल. त्या करड्या फोटोत अशा हजारो कोयऱ्या होत्या.

हे काम संगणकाचं. आधी फिल्मचा काळेपणा ठिपक्या-ठिपक्याला मोजून त्याचे आकडे करायचे. मग फूरिये रूपांतराने चित्राचे लाटांमध्ये तुकडे पाडायचे. इथे जे घडतं ते मला आजही जादूसारखं वाटतं. खरखर सगळीकडे पातळ पसरते, आणि जे-जे ठरावीक अंतराने पुन्हा येतं ते थोड्याशा टोकदार बिंदूंत गोळा होतं. बिंदू ठेवा, बाकी सोडा, उलटं रूपांतर करा. प्रथिन वर येतं. शिवाय क्ष-किरणांच्या पद्धतीत लाटेचा जोर मोजता येतो, पण तिचा माथा नेमका कुठे पडतो, ती फेज हरवते. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात ती शाबूत असते.

एक चित्र म्हणजे सपाट सावली. म्हणून नमुना तिरका करत वेगवेगळ्या कोनांतून फोटो घ्यायचे आणि त्यांतून घनाकार बांधायचा. ही वाट १९६८ मध्ये डेरोझिए आणि क्लुग यांनी दाखवली होती. १९७१ मध्ये आपल्या जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी फूरिये रूपांतर टाळून हेच गणित सोडवायची एक चपळ रीत मांडली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांचा उल्लेख आहे. आपल्याकडे त्याची आठवण फारशी निघत नाही.

१९७५ मध्ये उत्तर आलं: आवरणातून आरपार गेलेले सात मळसूत्री खांब. बारकावा ७ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पेशीच्या आवरणातल्या प्रथिनाची घडण माणसाने पहिल्यांदाच पाहिली.

अणूंपर्यंत पोचायला आणखी पंधरा वर्षं गेली, आणि त्यातला बराच काळ हिशेबात. चादर कुठे चुरगळलेली, कुठे ताणलेली असतेच. मग चित्राचा एक नमुना-तुकडा घेऊन संगणक तो सगळीकडे लावून पाहतो, कुठली कोयरी किती सरकली ते मोजतो आणि चादर कागदावरच इस्त्री करतो. भिंगाचाही खोडसाळपणा असतो: काही लाटा ते उलट्या करून देतं, काळ्याचं पांढरं. तेही सुलटवावं लागतं. १९९० मध्ये ३.५ अँगस्ट्रॉमवर अणूंची प्रतिकृती उभी राहिली. प्रथिनातल्या २४८ अमिनो आम्लांचा क्रम हरगोविंद खोराना यांच्या गटाने १९७९ मध्ये लावला होता. तो हाताशी होता म्हणून चित्रातला कोणता फुगवटा कोणत्या आम्लाचा, हे ओळखता आलं.

तरी एक उणीव राहिलीच. नमुना साधारण साठ अंशांपलीकडे तिरका होत नाही, त्यामुळे माहितीचा एक शंकू कायम गायब. उभ्या दिशेतला बारकावा जेमतेम १० अँगस्ट्रॉमच्या आसपास होता. हल्ली स्फटिकाची वाट न पाहता सुटे रेणूच बर्फाच्या पातळ थरात गोठवतात. ते निरनिराळ्या अंगांवर पडलेले असतात, त्यामुळे तो शंकू बराचसा भरून निघतो; फक्त कोण कसा पडलाय, ते लाखो रेणूंबाबत संगणकाने शोधायचं. या वाटेसाठी हेंडरसन यांना दुबोशे आणि फ्रँक यांच्यासह २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.