डावा पाय आणि जुनी डिझेल गाडी

निवृत्तीचे पैसे हाती आले, मुलीचे लग्न झाले, घराचे कर्ज फिटले की आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात गाडीचा विषय निघतो. नवी गाडी अगदीच परवडत नाही असे नसते. पण उभ्या आयुष्यात उधळपट्टी केलेली नसते, म्हणून मन धजत नाही. मग एखादी ‘कमी चाललेली, घरगुती वापराची’ डिझेल गाडी शोधायला सुरुवात होते. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटरवर, त्यामुळे शोध तिथपर्यंत जातोच. अलीकडे या शोधात एक नवा प्रश्न येऊन उभा राहिला आहे. गाडी गिअरची घ्यावी की बिनगिअरची?

‘बिनगिअरची’ हा शब्द तसा खोटा आहे. ऑटोमॅटिक गाडीतही गिअर असतातच. ते बदलताना आपल्याला कुणी विचारत नाही, एवढेच. जिच्यात क्लचचे पायडल नाही आणि डाव्या पायाला काम नाही, ती आपल्या बोलीत बिनगिअरची. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलपासूनच अशा गाड्या बाजारात आल्या. आपल्याकडे मात्र सर्वसामान्यांच्या आवाक्यात त्या आल्या त्या २०१४ नंतर. म्हणूनच जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या आता कुठे ठळकपणे दिसू लागल्या आहेत आणि घरोघरी वाद सुरू झाले आहेत.

आधी डिझेलचे बोलू. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त केले आणि पेट्रोल-डिझेलमधली जुनी मोठी तफावत राहिली नाही. तरीही बचत होते. समजा, महिन्याला ५०० किलोमीटर फिरणे आहे. डिझेल गाडी लिटरला २० किलोमीटर आणि पेट्रोलची १५ देते. डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर महिन्याला १,२५० म्हणजे वर्षाला १५,००० रुपये वाचतात. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे गिअरबॉक्सचे ६० हजारांचे एकच बिल आले, तर चार वर्षांची बचत एका दुपारी संपते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच. तेव्हा जुन्या डिझेल गाडीत इंजिनाइतकेच गिअरबॉक्सकडे पाहायला हवे.

गिअरबॉक्स ही वस्तू आपल्या जिल्ह्याला परकी नाही. गाडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे आणि अवजड वाहनांचे गिअरबॉक्स बनवणारा कारखाना म्हणून तो ओळखला जातो. ज्या जिल्ह्यात गिअरबॉक्स घडतात, तिथल्या माणसाला ‘गिअर टाकण्याची कटकट नको’ असे वाटावे, ही गंमतच. पण ती कटकट खरी आहे. डिझेल इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांतच मिळतो. त्यामुळे भरली गाडीही सहज ओढली जाते, पण तोच जोर पेलायला क्लच दणकट लागतो आणि पायडल बहुधा जड असते. बाजाराच्या दिवशी गर्दीतून दहा मिनिटे हाफ क्लचवर गाडी काढली, की साठीचा गुडघा आपले वय सांगतो.

हाताने गिअर टाकायच्या गाडीचा मोठा गुण असा, की ती आजारी पडण्याआधी कुरकुरते. क्लच वर येतो, जड होतो. चढावर गाडी दम खाते. दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो. गाडी पाहायला गेलात, तर सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर एकदम दाबून बघा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे असे समजा. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलणारा मिस्त्री भंडाऱ्यात मिळतो, साकोलीत आणि तुमसरलाही मिळतो. फक्त बऱ्याच आधुनिक डिझेल गाड्यांत दोन भागांचे फ्लायव्हील असते आणि ते बदलायची वेळ आली तर खर्च कितीतरी वाढतो. बंद-चालू करताना खालून खडखड येते का, तेवढे कान देऊन ऐकावे.

ऑटोमॅटिक हे एक नाव असले, तरी त्यात तीन निरनिराळी घराणी आहेत, आणि विकणारा माणूस ती सगळी एकाच दमात ‘ऑटोमॅटिक’ म्हणून सांगतो. पहिले घराणे एएमटीचे. डिझेल डिझायर किंवा नेक्सॉनमध्ये ते सापडेल. यात गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच. फक्त ते दाबण्याचे काम पायाऐवजी एक यंत्र करते. खरेदीला स्वस्त, अॅव्हरेज चांगले, पण गिअर बदलताना हलका झोका बसतो. यातली खरी मेख अशी, की क्लच झिजतोच, मात्र पायडलच नसल्याने तो झिजल्याचे पायाला कळत नाही.

दुसरे घराणे टॉर्क कन्व्हर्टरचे. डिझेल क्रेटा आणि इनोव्हा क्रिस्टा यांच्या ऑटोमॅटिक गाड्या या जातीच्या. यात इंजिनाचा जोर तेलाच्या माध्यमातून पुढे जातो, म्हणून चाल लोण्यासारखी. थोडे डिझेल जास्त खाते, पण वेळेवर तेल बदलले तर वर्षानुवर्षे टिकते. तिसरे घराणे दोन क्लचवाले. व्हेंटो, रॅपिड यांच्या डिझेल ऑटोमॅटिकमध्ये ते आहे. गिअर इतक्या झटक्यात बदलतो की कळतही नाही. पण कोरडे क्लच रांगणाऱ्या रहदारीत तापतात आणि दुरुस्ती अवघड असते.

पहिल्या दोन घराण्यांतली गाडी नागपूरच्या जाणकाराला दाखवून, सर्व्हिसचे कागद पाहून घ्यावी. तिसऱ्याची, कंपनीतली सलग नोंद नसेल तर, घेऊच नये. तिन्हींची परीक्षा इंजिन गार असतानाच करावी. म्हणून मालकाला आधीच सांगून ठेवावे, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. ब्रेकवर पाय ठेवून डी आणि आर असा लीव्हर फिरवावा. गाडी क्षणभर विचारात पडत असेल किंवा धक्का मारत असेल, तर आपणही विचारात पडावे. टॉर्क कन्व्हर्टरचे तेल काळे पडून करपल्याचा वास येत असेल, तर नमस्कार करून परत फिरावे. संगणक लावून दोषांची यादी काढणारी गॅरेजे आता आहेत. त्यांचे शुल्क वाचवण्यात शहाणपण नाही.

इथवरचा हिशेब वाचून कुणीही म्हणेल, मग गिअरचीच बरी. ज्या घरात गाडी चालवणारा एकच आहे, त्याचे पाय धडधाकट आहेत, आणि गाडी पवनी-लाखांदूरच्या बाजूला धानाच्या बांधापर्यंत न्यायची आहे, त्या घरासाठी हेच उत्तर आहे. पण मी बँकेत अनेक वर्षे वाहनकर्जाचे अर्ज तपासले. त्यात उत्पन्नाचा रकाना होता, जामीनदाराचा होता, कोटेशनचा होता. या घरात गाडी कोण कोण चालवणार, हा रकाना कधी नव्हता. खरा प्रश्न तोच आहे.

आपल्या कितीतरी घरांत गाडी एक आणि चालवणाराही एक असतो. बाईंनी हौसेने क्लास लावलेला असतो, परवाना काढलेला असतो. पण एकदा चढावर गाडी मागे घसरली, मागच्याने हॉर्न वाजवला, घरच्यांनी वर दोन शब्द सुनावले, आणि तो परवाना कपाटात गेला. तिला गाडी चालवता येत नाही असे नाही. तिला क्लचचे भय वाटते. आता मुले पुण्या-बंगळुरूला. रात्री दोनला गाडी चालवणाऱ्याच्याच छातीत कळ आली, तर अंगणात उभी असलेली गाडी कोण काढणार? नागपूरचा रस्ता चौपदरी आहे, टाकीत डिझेल आहे, किल्ली खुंटीवर आहे, आणि घर मात्र शेजाऱ्याचे दार ठोठावते आहे.

अशा घरात ऑटोमॅटिक ही चैन नाही. तिच्यामुळे घरात चालवणारे एकाचे दोन होतात. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवाना तेवढ्यापुरताच मिळतो. आपल्याकडे हलक्या मोटारीचा परवाना एकच असतो, म्हणजे कपाटातला तो कागद मुदतीत असेल तर पुरेसा आहे. आठ दिवसांच्या सरावात हात बसतो. फक्त एक पथ्य पाळावे: डावा पाय आखडूनच ठेवावा, क्लच समजून त्याने ब्रेक दाबला, तर मागचा माणूस येऊन आदळेल.

पैशांचे म्हणाल, तर जुनी ऑटोमॅटिक डिझेल घेताना सगळी पुंजी किमतीत घालू नये. गिअरबॉक्सच्या एका मोठ्या दुरुस्तीचा अंदाज आधीच विचारून तेवढी रक्कम वेगळ्या मुदतठेवीत टाकावी. ती बाजूला काढणे जमत नसेल, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, असा सरळ अर्थ घ्यावा. नोंदणी १५ वर्षांची असते. २०१६ ची गाडी घेतलीत तर २०३१ पर्यंतच ती निर्वेध, पुढे तपासणी आणि नूतनीकरण आले. आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हातात पडल्याशिवाय फॉर्म २९-३० वर सह्या झाल्या म्हणून निर्धास्त होऊ नये. वसुलीच्या कामात मी गाड्यांपेक्षा कागदांनीच रडवलेली माणसे अधिक पाहिली आहेत.

तेव्हा गाडी पाहायला एकट्याने जाऊ नका. घरात जिच्याकडे परवाना आहे पण धीर नाही, तिला बरोबर न्या आणि किल्ली आधी तिच्या हाती द्या. ती ज्या गाडीतून हसत उतरेल, त्या गाडीचा भाव विचारा.