शाश्वत शेतीतील साठवणवास्तूचे स्थान : कांदाचाळीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
शाश्वत शेतीची चर्चा प्रामुख्याने माती, पाणी, बियाणे व खते यांभोवती फिरते. पीक काढल्यानंतर ते ज्या वास्तूत ठेवले जाते, तिचा विचार मात्र अभावानेच होतो. वस्तुतः साठवणुकीत कांदा सडतो तेव्हा त्यासाठी खर्ची पडलेले पाणी, खत आणि श्रमही वाया जातात. म्हणून साठवणवास्तू हा शाश्वततेचाच एक घटक ठरतो. नाशिक जिल्ह्यात सर्वत्र आढळणाऱ्या कांदाचाळीच्या आधारे हा मुद्दा प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

साठवणुकीची गरज :
रब्बी अर्थात उन्हाळ कांदा मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत निघतो. नवा खरीप कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास बाजारात येईपर्यंत याच कांद्यावर भिस्त असते. या काळात वजनातील घट, सड आणि कोंब येणे अशा तीन प्रकारे नुकसान होते. सदोष साठवणुकीत हे नुकसान सामान्यतः ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जाते.

रचना व कार्य :
कांदा हा सजीव कंद आहे. तो श्वसन करतो, उष्णता व बाष्प बाहेर टाकतो. ते ढिगात कोंडले की सड सुरू होते. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच ठेवतात व तळाला आणि बाजूंना फटी ठेवतात. ढिगातील उबदार हवा वर जाते आणि खालून थंड हवा आत येते. ढिगाची रुंदी व उंची साधारण ४ ते ५ फुटांपुरती मर्यादित ठेवतात. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी, म्हणजे पश्चिमेचा वारा तिच्या लांब बाजूतून आरपार जातो. दोनपाखी चाळ मात्र पूर्व-पश्चिम बांधण्याची शिफारस आहे. सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान व ६५ ते ७० टक्के आर्द्रता अशा साठवणुकीस अनुकूल असते. या साऱ्या व्यवस्थेला वीज लागत नाही.

पर्याय व मर्यादा :
शीतगृहात ० ते २ अंश तापमान अखंड राखावे लागते आणि बाहेर काढलेल्या कांद्याला लवकर कोंब येतात. लासलगाव येथे २००२ मध्ये सुरू झालेल्या विकिरण प्रकल्पातील प्रक्रियेने कोंब रोखले जातात, परंतु बाष्पीभवनामुळे होणारी घट टळत नाही. चाळीलाही मर्यादा आहेत. अवकाळी पावसात भिजलेला किंवा नीट न सुकवलेला कांदा उत्तम चाळीतही टिकत नाही.

समारोप :
ज्याच्याकडे चाळ नाही, त्या अल्पभूधारकाला काढणीच्या हंगामात मिळेल त्या भावाने माल विकावा लागतो. चाळ त्याला चढ्या भावाची हमी देत नाही, परंतु थांबण्याची मुभा देते. चाळीसाठीचे शासकीय अनुदान साठवणक्षमतेच्या टनांनुसार ठरते. त्यासोबत तळाची उंची, फटी आणि दिशा यांचीही काटेकोर पाहणी होणे आवश्यक आहे. कारण वारा न खेळणारी चाळ ही केवळ छप्पर असलेली रास होय.