सूर्यस्पर्शी धूमकेतू : कक्षेची निश्चिती आणि तेजाची अनिश्चिती

सूर्याच्या पृष्ठभागापासून काही लक्ष किलोमीटरांच्या आत येऊन परतणाऱ्या धूमकेतूंस सूर्यस्पर्शी धूमकेतू म्हणतात. अशा धूमकेतूविषयी निरीक्षकापुढे दोन प्रश्न असतात : अमुक क्षणी तो कोठे असेल, आणि तो किती तेजस्वी दिसेल ? दोहोंची उत्तरे बहुधा एकाच निवेदनात व सारख्याच खात्रीने दिली जातात. तेजाचे भाकीत फसले म्हणजे मग सामान्य वाचकाचा कक्षागणितावरील विश्वासही डळमळतो. वस्तुतः या दोन उत्तरांची योग्यता अगदी भिन्न आहे. ती भिन्न का, आणि नागपूरजवळील कोराडीसारख्या ठिकाणाहून केलेल्या वेधांस त्यात कोणते स्थान आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम कक्षेचा विचार करू. १६८० सालचा महाधूमकेतू सूर्यस्पर्शीच होता. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात त्याचेच वेध घेऊन त्याची कक्षा अन्वस्ताच्या अगदी जवळची असल्याचे दाखविले. अन्वस्त कक्षा पाच राशींनी निश्चित होते : उपसूर्य अंतर, उपसूर्यी पोहोचण्याचा क्षण आणि कक्षेची अवकाशातील मांडणी दर्शविणारे तीन कोन. आकाशातील प्रत्येक स्थानवेधातून दोन संख्या मिळतात. म्हणून तीन चांगले वेध तत्त्वतः पुरेसे होतात आणि पुढील प्रत्येक वेधाने उत्तर अधिक नेमके होत जाते.

१९६५ चा इकेया-सेकी धूमकेतू याचे उत्तम उदाहरण होय. त्या वर्षीच्या १८ सप्टेंबर रोजी दोन जपानी हौशी निरीक्षकांनी तो स्वतंत्रपणे शोधला, आणि २१ ऑक्टोबर रोजी तो उपसूर्य बिंदूतून गेला. त्याचे उपसूर्य अंतर पृथ्वी-सूर्य मध्यम अंतराच्या केवळ ०.००७८ पट, म्हणजे सूर्यपृष्ठापासून सुमारे ४ लक्ष ७० हजार किलोमीटर होते. अन्वस्ताच्या गणिताने त्या बिंदूवरील वेग सेकंदास सुमारे ४७७ किलोमीटर येतो. सूर्याभोवतीची अर्धी फेरी साडेतीन तासांहून किंचित अधिक वेळात पुरी होते. इतक्या विलक्षण गतीचा मार्गही गुरुत्वाकर्षणाचा नियम आधीच सांगू शकतो, कारण या गणितात धूमकेतूचे वस्तुमान, घटक वा बळकटी यांपैकी काहीही जाणण्याची गरज पडत नाही. गाभ्यातून सुटणाऱ्या वायूची प्रतिक्रिया अल्प प्रमाणात मार्ग बदलते, हे खरे; तथापि ती दुरुस्ती मूळ गणिताच्या मानाने लहान असते.

तेजाची गोष्ट निराळी. धूमकेतूचे तेज पृथ्वीपासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, आणि सूर्यापासूनच्या अंतराच्या एखाद्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते असे धरण्याची रीत आहे. हा घात कोणता, हे सिद्धांत सांगत नाही; ते निरीक्षणावरूनच ठरवावे लागते. पुष्कळ धूमकेतूंस ४ हा घातांक साधारणपणे लागू पडतो. आता सूर्यापासूनचे अंतर १ वरून ०.००७८ पर्यंत घटले असे मानू. घातांक ४ असल्यास तेज २१.१ प्रतींनी वाढते. ३ असल्यास १५.८ प्रतींनी. फरक ५.३ प्रतींचा, म्हणजे प्रत्यक्ष तेजात सुमारे १३० पटींचा. घातांकातील एका एककाचा संशय भाकितात एवढी तफावत घडवितो. शिवाय हा घातांक १ ते ०.३ एवढ्या अंतराच्या टप्प्यात मिळालेल्या वेधांवरून काढून ०.०१ च्याही आत ताणावयाचा असतो.

तो ताणण्यास भौतिक आधारही दुबळा आहे. दूर अंतरावर मुख्यतः बर्फाची वाफ होते व तिच्याबरोबर धूळ बाहेर पडते. सूर्याच्या निकट मात्र उष्णता सुमारे १६ हजार पटींनी वाढते व धुळीचे कणही बाष्परूप होऊ लागतात. १८८२ च्या महाधूमकेतूच्या व पुढे इकेया-सेकीच्या वर्णपटात लोहाच्या रेषा दिसल्या, त्या यामुळेच. सोडियमचा पिवळा प्रकाश तेजात भर घालतो. धूळ आपल्या व सूर्याच्या मध्ये आली, तर प्रकाशाचे पुढे होणारे विकिरणही तेज वाढविते. उलटपक्षी गाभाच फुटला, तर क्षणभर उजळून सर्व मावळते. यांपैकी कोणती क्रिया किती होईल, हे गाभ्याच्या आकारावर व घडणीवर अवलंबून असते आणि तेच आधी ठाऊक नसते.

दोन अलीकडची उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत. २०११ साली टेरी लव्हजॉय यांनी शोधलेला लहान धूमकेतू १६ डिसेंबर रोजी सूर्यपृष्ठापासून सुमारे १ लक्ष ४० हजार किलोमीटरांवरून गेला. तो नष्ट होईल अशी अपेक्षा होती. पण तो पलीकडून बाहेर पडला, आणि गाभा थोड्याच दिवसांत विस्कटला तरी त्याचे पुच्छ दक्षिण गोलार्धातून भव्य दिसले. याउलट २०१२ मध्ये सापडलेल्या आयसॉन धूमकेतूविषयी, तो पूर्णचंद्राएवढा तेजस्वी होईल असेही अंदाज प्रसृत झाले होते. २८ नोव्हेंबर २०१३ रोजी तो ठरल्या वेळी ठरल्या स्थानी पोहोचला, आणि त्याच सुमारास विघटित झाला. दोन्ही वेळा कक्षा बरोबर ठरली व तेजाचा अंदाज चुकला.

बहुसंख्य सूर्यस्पर्शी धूमकेतू एकाच कुलातील आहेत. १८४३, १८८२ व १९६५ चे धूमकेतू याच कुलाचे होत. हाइनरिख क्रॉइट्स याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या कक्षांचे साम्य तपशीलवार दाखविले, म्हणून त्यास क्रॉइट्स कुल म्हणतात. सूर्यावरून पाहता हे सर्व व्याध ताऱ्याच्या जवळच्या दिशेने येतात व त्याच दिशेस परततात. १९९५ साली सोडलेल्या सोहो या अवकाशयानाच्या, सूर्यबिंब झाकून किरीट टिपणाऱ्या दुर्बिणींमुळे ५००० हून अधिक धूमकेतू ज्ञात झाले. त्यांतील बहुतेक याच कुलाचे लहान तुकडे आहेत.

या दिशेचा कोराडीच्या निरीक्षकाशी थेट संबंध पोहोचतो. जुलैच्या आरंभी, सूर्य आर्द्रा नक्षत्रात असता, पृथ्वीवरून सूर्य व ही दिशा जवळजवळ एका रेषेत येतात. त्यामुळे साधारण मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत उपसूर्यी येणारा धूमकेतू सूर्याच्या पलीकडून येतो व पलीकडेच जातो. विदर्भात या काळाचा मोठा भाग पावसाळ्याचा असल्याने येथे तो दुहेरी हुकतो. हिवाळ्यापूर्वीचा काळ अनुकूल. १९६५ च्या ऑक्टोबरअखेर इकेया-सेकी पहाटे आग्नेयेकडील क्षितिजावर होता. कोराडीचा अक्षांश सुमारे २१¼ अंश उत्तर. येथे सूर्य तीव्र कोनात उगवतो-मावळतो व संधिप्रकाश अल्पकाळ टिकतो, ही युरोपातील वेधशाळांस नसलेली सोय आहे. परंतु दक्षिणेस नागपूर शहराचा प्रकाश आणि क्षितिजालगत धूळ व धूर, या अडचणीही आहेत.

क्षितिजापासून ५ अंशांवरील प्रकाश खस्वस्तिकाच्या मानाने सुमारे दहापट हवा ओलांडून येतो. शोषणाचा गुणांक ०.३ प्रत धरल्यास तेज ३ प्रतींनी घटते, म्हणजे प्रकाशाचा सोळावा हिस्साच हाती येतो. गुणांकात ०.१ ची चूक झाली, तर निष्कर्षात एका प्रतीची चूक होते. म्हणून तुलनेचा तारा धूमकेतूच्याच उंचीवरील निवडावा. तारा व धूमकेतू दोन्ही दुर्बिणीत सारख्या आकाराचे होईपर्यंत अस्पष्ट करून तुलना करावी. वेळ जागतिक मानाने, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेतून साडेपाच तास वजा करून, सेकंदांपर्यंत नोंदवावी; उपसूर्याजवळ एका मिनिटाची चूक २८ हजार किलोमीटरांहून अधिक, म्हणजे एक एकक अंतरावरून सुमारे ३९ विकला इतकी भरते. सूर्य क्षितिजावर असताना त्याच्या आसपास दुर्बीण कदापि वळवू नये. क्षणार्धात दृष्टी जाते.

अशा नोंदींचे मोल कक्षेपेक्षा तेजाच्या अभ्यासास अधिक आहे. स्थानवेध पुढेही मिळू शकतात व कक्षेचे गणित मागे जाऊनही करता येते. पण एखाद्या पहाटेचे तेज त्या पहाटेच मोजावे लागते. निवेदन करताना कक्षेचे अंक त्यांच्या संभाव्य त्रुटीसह द्यावेत. तेजासाठी मात्र एक आकडा न देता घातांकाच्या दोन टोकांमधील मर्यादा द्यावी, आणि ती गृहीतावर आधारलेली आहे हे स्पष्ट म्हणावे. तसे केल्यास धूमकेतू मावळला तरी शास्त्र खोटे पडल्याची भावना वाचकात उरणार नाही.