ज्यांना पळायचं ठाऊक नाही

चेहऱ्याला मास्क लावून पाण्याखाली डोकं घातलं, की आधी दिसतो काळाकभिन्न लाव्हा. मग एक तपकिरी अंग भरधाव आपल्याच रोखानं येतं. आता आदळणार असं वाटेपर्यंत ते कुशीवर वळतं, आपल्या पोटाखालून सुळकन निघून जातं आणि पाठीमागून पुन्हा हजर होतं. मास्कच्या काचेला नाक भिडेल इतकं जवळ येऊन बुडबुडे सोडतं. आपण पाण्यात गिरकी घेतली तर तेही घेतं, आपल्याहून कितीतरी सफाईनं. हे सी लायनचं पिल्लू. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे एक हजार किलोमीटर पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात, गॅलापागोस बेटं आहेत. विषुववृत्त या बेटांमधूनच जातं. तिथल्या किनाऱ्यांवर हा प्रसंग नित्याचा आहे. या पिल्लाला कुणी पाळलेलं नाही, आणि समोरच्या माणसाच्या हातात त्याच्यासाठी मासाही नाही.

रानटी जनावर माणसाला पाहून पळतं, हे आपण सृष्टीचा नियमच धरून चालतो. कोकणातल्या पुळणीवर पाऊल पडायच्या आत खेकडे बिळात गडप होतात, बगळा दहा ढांगांवरूनच उडतो. गॅलापागोसवर हा नियम चालत नाही. निळ्या पायांचा बूबी पक्षी ऐन पायवाटेवर अंडी उबवत बसतो, वळसा माणसांनी घालायचा. सान क्रिस्तोबाल बेटावरच्या गावात धक्क्यावरच्या बाकांवर सी लायन आडवे पसरलेले असतात आणि बोटीची वाट बघणारी माणसं उभी असतात. काळे समुद्री इग्वाना वाटेतल्या दगडांवर एकमेकांच्या अंगावर पडून ऊन खात असतात. त्यांच्या शेपटीवर पाय पडू नये म्हणून आपणच खाली बघत चालायचं. हे सगळं वाचताना मला दर वेळी एकच प्रश्न पडतो, आणि तो प्राण्यांच्या प्रेमळपणाबद्दल नसतो. भीती नावाची गोष्ट इथून गेली कुठे?

उत्तराची सुरुवात बेटांच्या जन्मापाशी आहे. ही बेटं कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती. समुद्रतळाखालच्या एका तप्त ठिकाणाहून लाव्हा वर येत राहिला आणि त्याचे डोंगर साचून पाण्याबाहेर आले. ज्या भूपट्टावर ते उभे आहेत तो नाझ्का भूपट्ट पूर्वेकडे सरकतो आहे. त्यामुळे पूर्वेकडची एस्पानोला आणि सान क्रिस्तोबाल ही बेटं सर्वांत जुनी, काही दशलक्ष वर्षांची. पश्चिमेकडचं फर्नांदिना इतकं तरुण, की २०२४मध्येही तिथला ज्वालामुखी उसळला. अशा उघड्या खडकावर जो कोणी राहायला आला तो उडत आला, पोहत आला किंवा पुरात वाहून आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावर बसून आला. तराफ्यावर अन्नपाण्याशिवाय आठवडेच्या आठवडे तग धरणं खवल्यांच्या सरपटणाऱ्या प्राण्याला जमतं. उष्ण रक्ताच्या, सतत भुकेल्या सस्तन प्राण्याला ते जवळजवळ अशक्य. म्हणून या बेटांवर मूळचे भूचर सस्तन प्राणी म्हणजे काही जातींचे उंदीर आणि वटवाघळं, बस. मांजरकुळातलं कुणी पोचलं नाही, कुत्र्या-कोल्ह्यांपैकीही नाही. गॅलापागोस हॉक हा शिकारी पक्षी आणि इग्वानाच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांवर टपलेले साप सोडले, तर जमिनीवर दबा धरून बसणारं कुणी नव्हतंच.

आणि भीती फुकट मिळत नाही. समुद्री इग्वानाचंच बघा. समुद्रात चरणारा हा जगातला एकमेव सरडा. तो गार पाण्यात बुडी मारतो, खडकांवरचं शेवाळ खरवडून खातो, आणि बाहेर येतो तेव्हा अंग इतकं गारठलेलं असतं, की तासन् तास उन्हात पडल्याशिवाय ते अन्न पचत नाही. पोटात गेलेलं जास्तीचं मीठ तो नाकातून शिंकून टाकतो. असा प्राणी प्रत्येक सावलीला दचकून पळत सुटला, तर ऊन हुकलं, पचन हुकलं, शक्ती वाया गेली. ज्या बेटावर पळण्यासारखं काही नाही, तिथे न पळणाऱ्याचीच पिल्लं जास्त जगणार. हे हजारो पिढ्या चाललं, की भित्रेपणा विरून जातो. २०१४मध्ये सरड्यांच्या ६६ जातींचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. माणूस किती जवळ आल्यावर सरडा पळतो, हे अंतर त्यात तपासलं होतं. बेटांवरचे सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देतात, आणि बेट मुख्य भूमीपासून जितकं लांब तितकं हे अंतर आणखी कमी होतं, असं त्यातून दिसलं. निर्भयतेला भूगोल असतो, या विचारानं मी चकित होतो.

माणसांनी ही निर्भयता पहिल्याच दिवशी टिपली होती. १५३५ साली पनामाचे बिशप तोमास दे बेर्लांगा यांचं जहाज वारा पडल्यानं भरकटत इथे आलं. स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवलं, की इथले पक्षी पळायचं ठाऊक नसल्यासारखे आहेत आणि हातानं धरता येतात. तीनशे वर्षांनी, सप्टेंबर १८३५मध्ये, सव्वीस वर्षांचा चार्ल्स डार्विन बीगल जहाजातून याच सान क्रिस्तोबालला उतरला. इथे बंदूक जवळजवळ बिनकामाची आहे, असं त्यानं लिहिलं. फांदीवरच्या हॉकला त्यानं बंदुकीच्या नळीनंच ढकललं होतं. त्याच्या हातातल्या भांड्याच्या काठावर एक मॉकिंगबर्ड येऊन बसला आणि शांतपणे पाणी पिऊ लागला.

त्यानं समुद्री इग्वानावर केलेला प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. एका इग्वानाला त्यानं खडकांतल्या खोल डबक्यात फेकलं. तो उत्तम पोहणारा प्राणी तळालगत पोहत, सरळ डार्विन उभा होता तिथेच परत आला. पुन्हा फेकला, पुन्हा आला. कितीही वेळा फेकलं तरी तेच. डार्विननं याचा अर्थ लावला तो असा: या प्राण्याला किनाऱ्यावर शत्रू कधी भेटलाच नाही, शार्क मात्र पाण्यात भेटतात, म्हणून संकट आलं की किनारा गाठायचा, हे त्याच्या अंगातच मुरलेलं आहे. संकट स्वतःच किनाऱ्यावर उभं असेल, ही शक्यता त्याच्या मेंदूत नाही. माणसाची भीती पक्षी एका आयुष्यात पुरती शिकत नाहीत, ती पिढ्यांमागून पिढ्या वारशानं साठत जाते, हा निष्कर्षही त्यानं इथल्याच पक्ष्यांवरून काढला.

त्या साठवणीला वेळ लागतो आणि तेवढा वेळ माणसानं बहुतेकांना दिला नाही. व्हेल मारणाऱ्या जहाजांनी गॅलापागोसची महाकाय कासवं लाखाच्या वर उचलून नेली असा अंदाज आहे, कारण तळघरात उलटी टाकून ठेवली तरी ती अन्नपाण्यावाचून कित्येक महिने जिवंत राहत. ताजं मांस हाताशी. फॉकलंड बेटांवर तर एक कोल्ह्यासारखा लांडगा होता. एका हातात मांसाचा तुकडा धरून दुसऱ्या हातातल्या सुरीनं त्याला मारत, इतका तो विश्वासानं जवळ येई. तो लवकरच नामशेष होईल, असं डार्विननं लिहून ठेवलं होतं. १८७६च्या सुमारास तो खरोखरच संपला.

मग आजचे इग्वाना माणसाकडे बघून मनातून घाबरत असतील आणि नुसतं दाखवत नसतील का? हेही तपासलं गेलं आहे. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी समुद्री इग्वानांचा पाठलाग केला आणि त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक मोजलं. ज्यांना पूर्वी कधी त्रास झाला नव्हता, त्यांच्या रक्तात पाठलागानं ते वाढलंच नाही. शरीरानं धोक्याची घंटा वाजवलीच नव्हती. एकदा पकडले गेलेले इग्वाना मात्र पुढच्या वेळी ताण दाखवू लागले आणि थोडे आधी पळू लागले. पण ते ‘आधी’ इतकं तोकडं होतं, की कुत्र्या-मांजरापासून वाचायला पुरणार नाही. इसाबेला बेटावर माणसांमागोमाग आलेल्या मोकाट कुत्र्यांनी इग्वानांचे फडशे पाडले ते यामुळेच. गंमत अशी, की हेच इग्वाना मॉकिंगबर्डची हॉकविषयीची इशाऱ्याची हाक ओळखतात आणि सावध होतात. स्वतः मुके असून दुसऱ्याची भाषा कळते! म्हणजे भीतीचं यंत्र शाबूत आहे, फक्त त्यात आपलं नाव नोंदलेलं नाही.

सी लायनची गोष्ट याहून वेगळी, आणि माझ्या मते अधिक मोहक आहे. त्याला भीती चांगली ठाऊक आहे. समुद्रात शार्क आहेत आणि कित्येक सी लायनांच्या अंगावर चाव्यांचे व्रण दिसतात. तेव्हा पिल्लू आपल्याकडे येतं ते अजाणपणानं नाही, कुतूहलानं. त्याला खेळायचं असतं. पाण्यात तरंगणारं पीस, समुद्रतारा, काहीही त्याला चालतं. पोहत जाणाऱ्या इग्वानाची शेपटी धरून त्याला मागे ओढायचं आणि सोडून द्यायचं, हा तर आवडता उद्योग. इग्वाना बिचारा मुकाट्यानं पुन्हा किनाऱ्याची वाट धरतो. या खेळातून पुढे मासा पकडायला लागणारी वळणं आणि झेपा अंगात बसतात. सी लायन पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांनी पाणी मागे लोटतो आणि मागच्या पायांनी दिशा धरतो. त्यामुळे जागच्या जागी वळणं त्याला सहज साधतं. गढूळ पाण्यात मिशा कामाला येतात, मासा गेल्यावर मागे राहिलेली पाण्याची हालचालसुद्धा त्या टिपतात. असा कसलेला पोहणारा जेव्हा आपल्याभोवती फेऱ्या मारतो, तेव्हा पाण्यातला अडाणी जीव कोण, हे लगेच कळतं.

पिल्लं अशी मोकळी सापडतात याचं कारण त्यांची आई. एका वेळी एकच पिल्लू होतं आणि ते एक ते तीन वर्षं अंगावर पितं. आई मासेमारीला लांब जाते, कधी दिवसापेक्षाही जास्त. तोवर पिल्लं उथळ, सुरक्षित पाण्यात एकत्र जमतात. समुद्रातलं पाळणाघरच ते. परतलेली आई ओरडते, शंभर आवाजांतून तिचं पिल्लू नेमकी साद देतं, आणि शेवटची खात्री ती वास घेऊन करते. दुसऱ्याच्या पिल्लाला ती दूध देत नाही, उलट दात दाखवते. पिल्लाला कुरवाळू नका, असं तिथले वाटाडे पुन्हा पुन्हा बजावतात ते याच वासासाठी. आणखी एक गोष्ट ते सांगतात: किनाऱ्यालगत येरझाऱ्या घालत भुंकणारा मोठा नर दिसला, की मुकाट्यानं बाहेर या. अडीचशे किलोपर्यंत वजनाचा तो धनी आपली हद्द राखत असतो आणि वेळ आली तर चावतो.

याच पाण्यात पेंग्विनही पोहतात, आणि हे वाक्य लिहिताना मला अजून नवल वाटतं. विषुववृत्तावर पेंग्विन! दक्षिणेकडून येणारा थंड हम्बोल्ट प्रवाह बेटांना वेढतो. त्याहून महत्त्वाचा क्रॉमवेल प्रवाह: तो पृष्ठभागाखालून पश्चिमेकडून येतो, बेटांच्या पायथ्याला धडकतो आणि तळाचं गार, सकस पाणी वर फेकतो. त्या पाण्यात वनस्पती-प्लवक वाढतं, त्यावर छोटे मासे, त्यांवर पेंग्विन आणि सी लायन. एल निन्योच्या वर्षी हे वर येणं मंदावतं, पाणी तापतं, मासे खोल जातात. १९८२-८३ आणि १९९७-९८ला सी लायनची पिल्लं उपाशी मेली. इग्वानांचं शेवाळ नाहीसं झालं, आणि ते वजनानंच नव्हे तर लांबीनंही आखडले. पुन्हा चारा मिळाल्यावर परत वाढले. गॅलापागोस सी लायन आज धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत आहे.

जगात इतरत्र प्राण्यांबरोबर पोहण्याची जी प्रसिद्ध ठिकाणं आहेत, त्यांतली बरीच अन्नावर उभी आहेत. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटापाशी कोळी मासळी साफ करून टाकाऊ भाग पाण्यात फेकत. त्यासाठी स्टिंगरे जमू लागले आणि मग त्यांना खाऊ घालायला पर्यटक. २०१३च्या एका अभ्यासात दिसलं, की एरवी रात्री हिंडणारे हे मासे तिथे दिवसा जागू लागले आणि गर्दी करून राहू लागले. गॅलापागोसलाही सांता क्रूझ बेटावरच्या मासळीबाजारात ओट्याशी सी लायन आणि पेलिकन तुकड्यासाठी घुटमळतात. फोटो छान येतात, पण मला ते किनाऱ्यावरच्या पिल्लाइतके मोकळे वाटत नाहीत.

इक्वेडोरनं १९५९मध्ये बेटांच्या सुमारे ९७ टक्के भूभागाचं राष्ट्रीय उद्यान केलं, १९९८मध्ये भोवतीचा समुद्र राखीव केला. नियम सोपे आहेत: दोन मीटर अंतर, स्पर्श नाही, खाऊ नाही. अंतर मोडायचा हक्क फक्त प्राण्याला.

जायचं असेल तर महागडी जहाजसफर घ्यायलाच हवी असं नाही. सान क्रिस्तोबालच्या गावातून पुंता कारोलाच्या किनाऱ्याला पायी जाता येतं, ला लोबेरीया थोडं लांब आहे. जानेवारी ते मे पाणी ऊबदार असतं. जून ते नोव्हेंबर ते गार, पण माशांनी भरलेलं, आणि याच काळाच्या उत्तरार्धात लहान पिल्लं जास्त दिसतात. अंगभर वेटसूट भाड्यानं घ्याच. कुडकुडत लवकर बाहेर यावं लागलं, तर नुकती ओळख झालेलं पिल्लू दुसऱ्या कुणाशी खेळायला निघून जातं.