आधी काम कोणाचे?

कचेरीतला संगणक बिघडला की काम थांबते, हे आता श्रोत्यांना सांगायला नको. पण एकाच सकाळी तीन ठिकाणचे बिघडले, तर दुरुस्त करणाऱ्याने आधी जायचे कुठे? प्रश्न साधा दिसतो. उत्तर मात्र पुष्कळदा चुकते.

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याचे तालुके आठ. समजा, जून महिना आहे आणि जिल्ह्याच्या संगणक शाखेत माणसे दोनच आहेत. मोठ्या साहेबांच्या प्रिंटरमधून कागद निघत नाही, म्हणून फोन येतो. मंठ्याला एका कारकुनाचा संगणक सुरूच होत नाही. तेवढ्यात परतूरहून निरोप येतो, की तहसीलदारांची डिजिटल स्वाक्षरी यंत्र घेत नाही.

आपली रीत अशी, की ज्याचा आवाज मोठा त्याचे काम आधी. पण जरा हिशेब करून पाहा. साहेबांचा कागद शेजारच्या खोलीत छापता येईल. मंठ्याचा कारकून तूर्त दुसऱ्या टेबलावर बसेल. परतूरची स्वाक्षरी अडली, तर उत्पन्नाचे दाखले अडले. आणि शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाची तारीख काही थांबत नाही. तेव्हा आधी परतूर!

म्हणजे विचारायचे प्रश्न तीन. किती माणसे अडली? दुसरी वाट आहे का? मुदत केव्हा संपते? हा तिसरा प्रश्न नुसत्या सौजन्याचा नव्हे, बरे का. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा आला. त्याखाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते, आणि कारणाशिवाय ती चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

यासाठी सगळ्या तक्रारी एकाच वहीत उतरल्या पाहिजेत. जिन्यात गाठून सांगितलेले काम कुणाच्याच हिशेबात बसत नाही. वही असली, की थांबलेल्यालाही आपण का थांबलो ते कळते.

एका कामासाठी मात्र कुणीच फोन करीत नाही. ते म्हणजे माहितीची दुसरी प्रत काढून ठेवणे, आणि ती उघडते की नाही हे पाहणे. विहिरीतला गाळ पाऊस पडण्याआधीच काढावा लागतो. या कामाला आठवड्यातली ठरलेली वेळ द्यावी, नि ती मोडू नये.

क्रम लावणे म्हणजे कुणाला तरी ‘थोडे थांबा’ म्हणणे. ते साहेबांनाही म्हणता आले पाहिजे. आणि साहेबांनीच तसा नियम घालून दिला, तर म्हणणाऱ्याची जीभ अडखळत नाही.