नंबर घासलेला पार्ट? आधी मीटर लावा, मग बाजारात जा



दुकान सुरू करून चारच महिने झाले होते. एक काका फवारणी पंपाचा चार्जर घेऊन आले. "उद्या फवारणी आहे, आजच द्या." उघडला तर हीटसिंकवर तीन पायांचा काळा पार्ट, नंबर घासून काढलेला. तीन पाय म्हणजे मॉसफेटच, असं धरून मी नवा मॉसफेट बसवला. लाइट दिली आणि फट्ट! काकांना नवा चार्जर माझ्या खिशातून द्यावा लागला.

रात्री तो काढलेला पार्ट मीटरवर तपासला. निघाला डबल शॉटकी डायोड, आणि तोही चांगला! मूळ दोष दुसरीकडे, सुटलेल्या सोल्डरचा. अडीचशे रुपयांचा मीटर टेबलावरच होता, मी तो आधी लावलाच नाही.

तेव्हापासून आमच्याकडे हा क्रम पक्का आहे.

१. प्लग काढा. तरीही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. डीसीच्या सर्वात मोठ्या रेंजवर मोजा, बल्बमधून डिस्चार्ज करा, पुन्हा मोजा.

२. पार्ट बोर्डावरून काढा. बोर्डावर बाकीचे पार्ट जोडलेले असतात, त्यामुळे रीडिंग फसवं येतं.

३. नॉब डायोडच्या खुणेवर ठेवा. तीन पायांच्या तीन जोड्या, प्रत्येक सरळ आणि उलट, म्हणजे सहा रीडिंग. सहाही वहीत लिहा.

आता वाचायचं कसं?

डबल शॉटकी: काळी पिन मधल्या पायावर, लाल आळीपाळीने कडेच्या पायांवर. दोन्हीकडे साधारण १५० ते ३०० आणि जवळपास सारखं. उलट लावलं की डावीकडे नुसता १.

ट्रान्झिस्टर: एका पायावरून बाकी दोघांकडे साधारण ५०० ते ७००, दोन रीडिंगमध्ये थोडा फरक. त्या पायावर लाल असेल तर एनपीएन, काळी असेल तर पीएनपी. तो पाय म्हणजे बेस.

मॉसफेट: गेटकडून काहीच नाही. उरलेल्या दोन पायांत एकाच दिशेने साधारण ४०० ते ६००. दोन्ही दिशांनी रीडिंग आलं तर तिन्ही पाय क्षणभर एकत्र टेकवा आणि पुन्हा मोजा.

तरीही सगळीकडे शून्याजवळ? पार्ट शॉर्ट. त्यावरून ओळख पटणार नाही, तसलाच चांगला बोर्ड शोधून त्यावरचा पार्ट बघा.

एक लक्षात ठेवा. मीटर जात सांगतो, ताकद नाही. किती व्होल्ट, किती अँपिअर हे त्यावर कळत नाही. झेनरसुद्धा त्यावर साध्या डायोडसारखाच दिसतो. म्हणून रेटिंग समजल्याशिवाय पार्ट बसवू नका आणि गिऱ्हाइकाला भावही सांगू नका. "काका, अर्धा तास द्या, तपासून सांगतो" म्हणा. थांबलेलं गिऱ्हाईक परत येतं, फट्ट झालेलं येत नाही.

आज भंगाराच्या डब्यातले दहा पार्ट काढा, तपासा आणि वहीत लिहा. हात बसेल.