पिल्लू दिसलं? आधी परवानगी घ्या!

संध्याकाळी ठाण्याच्या उपवन तलावावर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर हा सीन हमखास दिसतो. कुणीतरी लॅब्रेडॉरचं पिल्लू फिरवायला आणतं आणि ऑफिसातून परतणारं पब्लिक 'सोऽऽ क्यूट!' करत त्याच्यावर तुटून पडतं. पाच-सहा हात एकदम डोक्यावर! आपल्याला वाटतं, लाड चाललेत. मला मात्र सकाळची कल्याण लोकल आठवते. अनोळखी माणसं अंगावर येतायत आणि उतरायची सोय नाही.

हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग शिकत असतं. माणूस चांगला की भीतीदायक, हे तेव्हाच बरंचसं ठरतं. आज दचकलेलं पिल्लू उद्या गुरगुरणारा कुत्रा होऊ शकतं.

मग 'हाय' कसं म्हणायचं?

विचारा : 'हात लावू का?' मालक नाही म्हणाला तर फुगू नका. लसींचा कोर्स अर्धवट असेल तर आपल्या हाता-बुटांवरून आलेला पार्व्हो त्याच्या जिवावर बेतू शकतो.

तिरके बसा : वरून वाकू नका, डोळे रोखू नका. नाकासमोर हात नाचवू नका. त्यालाच येऊ द्या. वास घेणं हा त्याचा शेकहँड!

तीन सेकंद : डोक्याऐवजी छातीवर किंवा हनुवटीखाली खाजवा आणि थांबा. जवळ सरकलं तर पुन्हा, नाहीतर बाय.

'नको' ओळखा : ओठ चाटणं, जांभई, मान वळवणं, शेपूट पायांत घालणं. नॉर्वेच्या ट्रेनर ट्युरिड रुगास यांनी अशा खुणांना 'कामिंग सिग्नल्स' म्हटलंय. आणि हो, शेपूट हलतेय म्हणजे स्वारी खूश, असं दरवेळी नसतं.

गल्लीतली पिल्लं

इथे मालक नसला तरी आई असते, बहुधा शेजारच्या गाडीखाली. सेल्फीसाठी पिल्लू उचललंत की ती धावून येणारच, चूक तिची नाही. कानाला खाच असलेला मोठा कुत्रा दिसला तर त्याची नसबंदी झालीये आणि तेव्हा रेबीजची लसही दिलीये, असं समजतात. पिल्लांना मात्र बहुतेक वेळा काहीच मिळालेलं नसतं.

म्हणून पिल्लाचा दात लागला किंवा साधा ओरखडा उठला तरी 'एवढंसं तर आहे' म्हणू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा : कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, जे जवळ असेल ते. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस क्वचितच वाचतो. लस वेळेत घेतली तर तो टळतो.

बाकी, आज पिल्लाने पाठ फिरवली तर मनाला लावून घेऊ नका. उद्या त्याच रस्त्याने जाणारच आहात की!